पाच रेघांची घागर

"गुरुजी, पाच रेघांची घागर महिनाभराने का फुटते?"

फार पूर्वी, नदीकाठच्या कुंभारांच्या एका गावात, एका मुलाने भर वर्गात हे विचारलं होतं. त्याचं उत्तर त्याला कधीच कुणी दिलं नाही.

त्या गावात घागरी घडवायला शिकवणारी एक शाळा होती. परीक्षा वर्षातून एकदाच. घागरी भाजायचा आवा उघडला, की गुरुजी एकेक घागर बोटाने वाजवून पाहत. ज्याच्या जास्त घागरी खणखणीत निघतील, त्याच्या घागरींच्या गळ्यावर गेरूच्या जास्त रेघा. पाच मिळाल्या तर घरचे गूळ वाटत. मग घागरी बाजारात जात, आणि त्यांचं पुढे काय झालं हे पाहायला कुणी जात नसे.

मुलाचा प्रश्न ऐकून गुरुजी म्हणाले, "परीक्षा आवा उघडतो त्या दिवशी असते. महिन्याने काय होतं ते परीक्षेत येत नाही."

वर्ग हसला. मुलगा मुळातच तापट. त्याने चाक फिरवायचा दांडा अंगणात भिरकावला आणि तडक घर गाठलं. पुन्हा तो शाळेत गेला नाही.

त्याला आईबापांच्या जागी एक ताईच होती, आणि ती तर दरवर्षी पाच रेघा मिळवणारी. आता बोलणी बसणार, म्हणून तो मान खाली घालून बसला. ताईने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि पुढ्यात भाकरी ठेवली.

"मलाही ठाऊक नाही रे. जेव आधी, मग बघून येऊ."

बहीणभाऊ घरोघर फिरून फुटक्या घागरी मागू लागले. पाच रेघांच्या पोरीने आता खापऱ्या वेचायचा धंदा काढला का, असं बायका विचारत. ताई हसून खापरी पदरात घेई. महिनाभर पाहून पाहून दोघांच्या लक्षात आलं, की जिथून घागर फुटली तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा एक पांढरा कण असतोच. तो चुनखडीचा खडा होता. त्यांनी तसलाच एक खडा चुलीत भाजला आणि त्यावर पाणी शिंपडलं. तो फुगला आणि त्याचं पीठ झालं. घागरीतही तेच होत होतं. भाजलेला खडा परीक्षेच्या दिवशी गप्प असे. पुढे पाणी पिऊन तो फुगे आणि घागर फोडी.

तेव्हापासून ताई माती पाण्यात कालवून चाळणीने गाळू लागली. त्यात दिवस जात. इतर मुलं वीस घागरी करत तेव्हा तिच्या चार होत. त्या वर्षी तिला दोनच रेघा मिळाल्या. भाऊ चिडला. ती म्हणाली, "दोन रेघांनी घागर गळत नाही वेड्या."

पुढच्या पावसाळ्यात ताप आला आणि आठ दिवसांत ताई गेली.

घरात तिच्या हातची एकच घागर उरली. भाऊ रोज तिच्यात पाणी भरी आणि तहान नसतानाही पिई.

पुढच्या उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाडीने शाळेकडून पन्नास घागरी नेल्या. महिन्यात तीसेक फुटल्या. वाडीतल्या बायका खापऱ्या घेऊन शाळेच्या दारात आल्या आणि त्या तिथे ओतून गेल्या. संध्याकाळी गुरुजी भावाच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले.

"चाळीस वर्षं मी रेघा ओढल्या, पण महिन्याने काय होतं ते कधी पाहिलं नाही. तुझ्या ताईला जे कळलं, ते मुलांना दाखवशील?"

"ती होती तेव्हा का नाही विचारलंत?"

गुरुजी तिथून हलले नाहीत. भावाच्या मनात आलं, दार लावून घ्यावं. मग त्याला आठवलं, ताईलाही उत्तर येत नव्हतं, आणि तिने ते सरळ सांगितलं होतं. शाळा सोडलेल्या पोराबरोबर ती दारोदार फिरली होती. तिने एवढं दिलं, ते आपल्यापाशीच ठेवलं तर तिच्याबरोबर संपेल. त्याने घागर उचलली.

शाळेत मुलांनी आधी घागरीचा गळा पाहिला. दोनच रेघा, म्हणून एकजण कुजबुजला. भावाला बोलून समजावता येईना. माती आतून पाहिल्याशिवाय कळणार नव्हती, आणि तिच्या हातचं तर एवढंच उरलं होतं. त्याने आतलं पाणी ओंजळीने पिऊन टाकलं, घागर डोक्याच्या वर उचलली आणि सोडून दिली.

मुलं खापऱ्या उचलून पाहू लागली. आत एकसारखी लाल माती, पांढरं काही नाही. भावाचा ऊर भरून आला. तेवढ्यात एक मुलगी खापरी घेऊन पुढे आली. खापरीच्या कडेला मोहरीएवढा पांढरा कण होता.

ती खापरी मुठीत लपवणं सोपं होतं. भावाने ती वर धरून सगळ्यांना दाखवली.

"हा ताईच्या हातून राहिला. बारीक होता, म्हणून घागर वाचली. इथवर तिने मला आणलं. इथून पुढे तुम्ही."

गुरुजींनी गेरूची वाटी बाजूला ठेवली. यापुढे घागरीत महिनाभर पाणी ठेवून मगच ती तपासू, असं ते म्हणाले. आणि जी फुटेल ती आधी मधोमध ठेवून सगळ्यांनी पाहायची.

एवढा बारीक कण चाळणीत अडकणार कसा, असं त्या मुलीने विचारलं. भाऊ घरी गेला. ताईचं एक जुनं लुगडं तो उशाशी घेऊन निजत असे, धुऊन धुऊन मऊ झालेलं. ते त्याने आणलं, चौपदरी केलं, मातीच्या हौदावर ताणून चारी टोकं घट्ट बांधली आणि मुलांना म्हणाला, "ओता."

तात्पर्य: परीक्षा एका दिवसाचं काम मोजते; पण जो आपली चूक हातात घेऊन पाहतो आणि दुसऱ्यालाही दाखवतो, तोच खरं शिकतो.