पाठमोरा गोमाजी

बसा मंडळी, सावलीला बसा, पण त्या दगडाला टेकू नका. तो गोमाजी आहे. नीट बघितलंत तर खांदे दिसतील, डोक्यावरचं मुंडासं दिसेल. चेहरा मात्र शोधू नका. तो कड्याकडे आहे, आणि कडा नि दगड यांच्यामध्ये पंजा शिरेल एवढीच जागा आहे. फोटो काढणारे फार हळहळतात. गोमाजीला तेच हवं होतं म्हणे.

आणि हे समोर जानाईचं, आमच्या डोंगरदेवीचं, टाकं. बारमाही पाणी, पण भर श्रावणातसुद्धा काठापासून दोन हात खाली. जादाचं पाणी फटीतून निघून जातं, असं शिकलेली माणसं सांगतात. असेल. आमच्याकडे त्याचं कारण वेगळं सांगतात, आणि ते सांगायला मला फारसं आवडत नाही, कारण गोमाजी आमच्याच घरातला.

फार पूर्वी हे टाकं काठोकाठ असायचं, उभ्यानं हात घातला तरी ओंजळ भरायची. जानाईनं वाडीला पाणी दिलं ते एका बोलीवर, असं सांगतात. मागेल त्याला पाणी द्यायचं, वैऱ्यालाही द्यायचं, पण भोपळ्याच्या तुंब्यानं काढून. टाक्यात कुणाचा पाय पडता कामा नये. राखण आमच्या घराकडे आली. तुंबा आमच्या दाराशी टांगलेला असे.

गोमाजी राखणदार होता तेव्हा एका चैत्रात खालच्या मुलखातला कुणी सरदार हवा खायला डोंगरावर आला. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगतो. आमच्यात आल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी देतात, तुम्हालाही दिलं ना मघाशी? तसं त्यालाही वाटेवरच्या प्रत्येक वस्तीत मिळालं होतं. एवढा मोठा माणूस आपल्या डोंगरावर आला म्हणून गोमाजी हरखून गेला होता. पुढं पुढं करत, काटेरी फांद्या बाजूला सारत त्यानं सरदाराला इथवर आणलं. तुंबा घरीच राहिला.

सरदारानं पाणी बघितलं, पायातले जोडे काढले आणि विचारलं, "इथं पाय धुतले तर चालेल ना?"

बघा, त्यानं विचारलं होतं. नुसतं "नको" म्हटलं असतं तरी काम झालं असतं. पण पाहुण्याला नाही म्हणायला आमची जीभ कधी वळते का? गोमाजी म्हणाला, "चालंल की, सरकार. समदं तुमचंच हाय."

म्हणाला खरा, पण बघवेना. म्हणून त्यानं पाठ फिरवली आणि या कड्याकडे तोंड करून उभा राहिला. न बघितल्यासारखं केलं. मागून पाय बुडाल्याचा आवाज आला, तेव्हा तो कड्यावरची फुलं न्याहाळत होता म्हणे.

सरदार उतरायला लागला आणि गोमाजीची सून भिवरा घागर नि तुंबा घेऊन वर आली. तिचे दिवस भरले होते. तिनं तुंबा सोडला तो ठक्कन खडकावर आपटला. तळाला नुसती ओल होती.

"मामंजी, पाणी कुटं गेलं?" तिनं विचारलं.

गोमाजीनं मान वर केली नाही. वाडीत दुसरं पाणी नव्हतं, ओढे केव्हाच आटलेले. रिकामी घागर घेऊन भिवरा तशीच नदीकडे निघाली आणि अर्ध्या उतारावर बाळंत झाली. पोर जगलं, त्याच्याच वंशातला मी. पण त्याला न्हाऊ घालायला ओंजळभर पाणी नव्हतं. पदराच्या कोरड्या टोकानं बायांनी त्याला पुसलं.

बायांचा गलका ऐकून गोमाजी खाली धावला, सरदारही माघारी आला. काय झालं ते कळल्यावर त्यानं डोक्यावरची पगडी उतरवली आणि गोमाजीला म्हणाला, "अहो, मी विचारलं होतं. तुम्ही नको म्हणाला असतात, तर मी पाय घातला असता का?"

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. या एका वाक्यानं गोमाजी पार मोडला. तो पुन्हा वर आला आणि ज्या जागी पाठ फिरवली होती तिथंच उभा राहिला. "जानाई, त्याचा दोष न्हाई. मला ठावं हुतं, तरी नको म्हनलो न्हाई. आता हे तोंड कुनाला दावत न्हाई," एवढंच म्हणाला. बोलवायला आलेल्यांकडे त्यानं वळून बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी लोक आले तर खांद्याला हात लावावा तो दगड लागला, आणि टाक्यात पाणी झुळझुळत होतं. परत आलं, पण काठाला आलं नाही. तेव्हापासून इथं गुडघे टेकून वाकल्याशिवाय कुणालाच पाणी मिळत नाही, राजा असो नाहीतर राखणदार.

म्हणून आजही आमच्याकडे रीत आहे. येणाऱ्यानं या दगडापाशी थांबून विचारायचं, "टाक्यात पाय घालू का?" आणि वाडीच्या माणसानं तोंडावर सांगायचं, "नाही." लोकांना गंमत वाटते. विचारताना ते हसतात, सांगताना आम्हीही हसतो.

गेल्या वैशाखात आठजण आले होते. हसत विचारलं, मी हसत नाही म्हटलं, रीत झाली. मग दोघं साबण घेऊन टाक्यात उतरले आणि तिथून एकानं हाक मारली, "काका, जरा अंग धुतो, चालेल ना?" दुपारचं जेवण माझ्या घरी ठरलं होतं. चांगली पोरं होती, बोलकी. मी म्हणालो, "चालतंय की, तुमचंच हाय." आणि दरीकडे तोंड करून विडी पेटवली.

माझी सून हंडा घेऊन वर आली. पाण्यावरचा फेस तिनं बघितला, मग माझ्याकडे बघितलं. रिकामा हंडा घेऊन उतरली. त्या दिवशी पाहुण्यांना तिनंच वाढलं, नदीचं पाणी आणून. टाकं काही आटलं नाही, पण मला अजून तिच्याशी नीट मान वर करून बोलता येत नाही.

तर मंडळी, उठा आता. गोमाजीच्या शेजारी उभे राहा आणि विचारा मला. हसू नका, मोठ्यानं विचारा. मी तुमच्याकडे तोंड करूनच उभा आहे.