जीपची लपवलेली खडखड

फार पूर्वी घाटमाथ्यावरच्या एका गावात खूप धावलेली एक जीप होती. सकाळी इंजिन सुरू होताच तिच्या पोटातली टायमिंग चेन खडखडायची. जीप मुद्दाम मोठ्यानं घरघरून तो आवाज लपवायची.

"मालकाला ऐकू दे गं," चेन म्हणाली. "मी सैल झालेय. घाटात तुटले तर इंजिनच जाईल."

"आणि त्यांनी मला भंगारात घातलं तर?"

एवढ्यात दिवस भरलेली रखमा गाडीत बसायला आली. तिला पाहून जीपनं घरघर थांबवली. खडखड स्पष्ट ऐकू आली. मालक येसाजींनी लगेच इंजिन बंद केलं, रखमाला शेजारच्या गाडीतून दवाखान्यात धाडलं आणि मिस्त्रीला बोलावलं.

"चेन तुटायलाच आली होती," मिस्त्री म्हणाला. "नवी घातली की गाडी ठणठणीत!"

येसाजींनी बॉनेटवर हात ठेवला. "अगं, आधीच सांगायचंस ना!"

जीपला एकदम हलकं हलकं वाटलं.