मांत्रिकाच्या माठांची राखण

एका राज्यात धैर्यकेतू नावाचा राजा होता. शूर होता, दाता होता, पण जिभेला हाड नव्हते. एकदा दारी आलेल्या जोग्याने निजायला चटई मागितली, तर राजा म्हणाला, झोप हा आळशांचा धंदा. माझीही हवी तर घेऊन जा. तो जोगी म्हणजे कर्दम मांत्रिक. त्याने राजाची झोप माठात भरली आणि चालता झाला.

मग काय विचारता! राजाचा डोळा लागेना, अन्न पचेना, अंग लाकडासारखे कोरडे पडले. न्याय करताना तो फिर्यादीलाच कोठडीत घालू लागला. राजवैद्याने नाडी पाहून राजकन्या मृगलेखेला बाजूला घेतले.

"राजकन्ये, अन्न देह पोसते, तशीच निद्राही पोसते. ती जगाची दाई. ती परतली नाही, तर ज्येष्ठ सरायच्या आत महाराज आपल्यात राहणार नाहीत."

मृगलेखेचा बापावर भारी जीव. बोलकी साळुंकी खांद्यावर घेऊन ती डोंगरापलीकडच्या कर्दमाच्या गुहेत पोचली. आत माठच माठ, आणि प्रत्येकात कुणाची तरी झोप घोरत पडलेली. कर्दम मात्र इंगळासारख्या डोळ्यांनी टक्क जागा. चोरलेली झोप त्याने स्वतःच्या डोळ्यांत ओतून पाहिली होती, पण दुसऱ्याची झोप उतरते थोडीच!

मृगलेखेने बापाची झोप परत मागितली, तेव्हा मोबदल्यात त्याने आधी रानम्हशीचे दूध मागितले. ती म्हैस नाकातून जाळ सोडी. पण मृगलेखेने चिखलात रुतलेले तिचे रेडकू ओढून काढले, तसा तिने आपणहून पान्हा सोडला. मग त्याने दगडी बैलाच्या घाण्यावरचे तिळतेल मागितले. बैल हलेना, तेव्हा तिने स्वतःच जुवाला खांदा दिला. बैल शरमला आणि चालू लागला.

"आता मला निजव," कर्दम म्हणाला. "निजवलेस तर बापाचा माठ तुझा. नाही तर तुझीही झोप माझी."

तिने त्याला दूध पाजले, डोक्यावर तेल थापले आणि काशाच्या वाटीने तळपाय घासू लागली. वाटी काळी पडली. कर्दमाला जांभई आली, पण मान कलताच तो दचकून माठांकडे पाही.

"दिवसा निजणे वैद्यांना मान्य नाही," तो म्हणाला.

"ग्रीष्मात चालते," साळुंकी म्हणाली. "रात्र लहान असते."

मृगलेखेने ओळखले, याला चोराचे भय निजू देत नाही. "आपण निजावे. राखण मी करते. एकाही माठाला हात लावणार नाही, बापाच्या प्राणाची शपथ."

कर्दम निजला. साळुंकी म्हणाली, तो बघ महाराजांचा माठ, उचल आणि पळ. मृगलेखेचे काळीज तुटत होते, पण तळपायावरचा हात तिने काढला नाही. शपथ ती शपथ.

आणि मंत्र सुटला. कर्दमाच्या जागेपणानेच माठांची झाकणे आवळून धरली होती. तो घोरू लागला, तशी ती पटापट उडाली आणि झोपा थव्याथव्याने आपापल्या घरी निघाल्या. दरबारात राजाचे वाक्य अर्धेच राहिले. सिंहासनावर मान टाकून तो गाढ निजला.

कर्दम उठला, तेव्हा माठही रिते होते आणि रागही. त्याला फक्त कडकडून भूक लागली होती.

राजा जागा झाला तो टवटवीत. त्याने कोठडीची दारे उघडली आणि हत्तीवरून साखर वाटत लेकीला वेशीवरून आणायला निघाला. नगारे दणाणत होते. पण अंबारीत बसताच मृगलेखेचे डोळे मिटले. राजाने हात वर करून नगारे थांबवले, खाली उतरून जोडे काढले आणि हत्तीपुढे अनवाणी, हळूहळू चालू लागला. त्याच्यामागून सारे नगर ओठांवर बोट ठेवून चालले होते.