सायकलचा ताईत

“आणि ताईत बांधूनही एखादा गाडीवाला घासून गेला, तर?” दस्तगीरबाबांनी विचारलं.

“तर शाळा बंद,” सर्जेराव म्हणाले. “सायकल भंगारात.”

सर्जेराव मागायला आले तरी हुकूम सोडल्यासारखे बोलतात. सकाळी सकाळी टेम्पो थांबवला, लेकीची सायकल उतरवली आणि फकिराच्या तक्यावर तरातरा चालत येऊन दस्तगीरबाबांच्या पुढ्यात उभी केली. राम राम नाही, सलाम नाही. मी बाजूला लसूण सोलत बसलो होतो, पण माझ्याकडे बघायलाही त्यांना सवड नव्हती.

प्रकरण असं होतं. त्यांची अनुजा यंदा दहावीला. शाळा पलीकडच्या गावात, आणि शाळेच्या वेळेला एसटी नाही. म्हणून पोरगी हमरस्त्यानं सायकलवर जाते. गेल्या आठवड्यात उसाचा ट्रॅक्टर इतक्या जवळून गेला की ती खडीत पडली. कोपर सोलवटलं, एवढ्यावरच निभावलं. पण बापानं त्या दिवसापासून धसकाच घेतला होता. त्यांना अन्न गोड लागत नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

मी काय बाकी ठेवलंय, असं ते बाबांना पुन्हा पुन्हा विचारत होते. खरोखरच काही बाकी नव्हतं. पुढं-मागं लाल-पिवळं रेडियम, चाकांच्या तारांत चकत्या, मागच्या मडगार्डवर हा एवढा दिवा. लग्नातली घोडी बरी, अशी ती सायकल नटली होती.

“दिसते तर आहे,” बाबा म्हणाले.

“मग जवळून का जातात?”

बाबांनी चाक फिरवून बघितलं.

मग सर्जेरावांनीच उत्तर दिलं. म्हणाले, आंधळे आहेत सगळे. हातात स्टिअरिंग आलं की माणुसकी विसरतात. हे ते स्वतः जन्मभर टेम्पो चालवलेल्या माणसाच्या अधिकारानं सांगत होते.

बाबा उठले. ताईत करतो, पण आधी मला सायकलची ओळख होऊ दे, असं काहीतरी पुटपुटले आणि कफनी सावरून त्या लेडीज सायकलवर बसले. मी कॅनॉलच्या पुलापर्यंत जातो, तुम्ही दोघं टेम्पोनं मागनं या, म्हणाले. वय झालंय, पण दर गुरुवारी आसपासची गावं ते सायकलवरच फिरतात, त्यामुळं मला काळजी नव्हती. हसू मात्र आलं.

आम्ही थोड्या वेळानं निघालो. टेम्पोला नुकताच रंग दिला होता, दारावर मोर काढला होता. मी खिडकीत कोपर टेकवलं, तर सर्जेरावांनी मला ते काढायला लावलं. वाटभर त्यांची टकळी सुरू होती. आजकालचे ड्रायव्हर कसे, त्यांना शिस्त कशी नाही, सायकलवाल्याला ते माणसात कसे धरत नाहीत…

पुढं रस्त्याच्या कडेनं बाबा चालले होते. उन्हात रेडियम चमचमत होतं.

“ते बघा बाबा. कसे झक्क दिसतात,” सर्जेराव म्हणाले, आणि ब्रेकला पायही न लावता पुढं गेले.

मी हात बाहेर काढला असता तर बाबांची टोपी हातात आली असती. कफनी फुगली, सायकल डुगडुगली आणि रस्ता सोडून खाली मातीत उतरली. सर्जेरावांचं प्रवचन चालूच होतं. मी मनात म्हटलं, बोलावं का यांना? पण मागं आरशात बाबा पुन्हा पायडल मारताना दिसले, म्हणून गप्प बसलो.

पुलावर बाबा पोचले. पाय धुळीनं माखले होते.

तिथं कुणीतरी तोडून टाकलेला बांबू पडला होता. बाबांनी टेम्पोतली सुतळी मागून घेतली आणि तो बांबू कॅरिअरवर आडवा बांधला. उजवीकडं चांगला हातभर बाहेर राहील असा. हा ताइताचाच काही विधी असावा, अशा समजुतीनं सर्जेरावांनी हात जोडले.

“चला आता मागं,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा आमच्या आधी निघाले.

या खेपेला बांबू दिसला आणि सर्जेरावांची टकळी थांबली. त्यांनी गिअर उतरवला. समोरून एसटी येत होती, ती जाऊ दिली. मग अख्खा टेम्पो पलीकडच्या बाजूला घेतला, माझ्या बाजूच्या आरशात बघत बघत पुढं काढला, आणि बाबा बरेच मागं पडल्यावरच पुन्हा डावीकडं घेतला. नवरदेवाची गाडीसुद्धा कुणी इतक्या जपून नेत नाही.

तक्यावर आल्यावर बाबांनी सायकल स्टँडला लावली.

“येताना एवढ्या लांबून का गेलास, सर्जेराव?”

“बांबू होता ना, बाबा. रंग खरवडला असता.”

बाबांनी मान डोलावली.

“आणि जाताना?”

“जाताना कुठं काय होतं…”

सर्जेराव हळूच पायरीवर बसले.

बाबांच्या धुळीच्या पायांकडे बघत राहिले.

“तुम्ही होता,” ते म्हणाले.

मघापासून मला सर्जेरावांचं हसू येत होतं, पण आता त्यांच्या तोंडाकडं बघवेना. एवढा आडदांड गडी, टॉवेल डोळ्यांना लावून बसला होता. म्हणाला, पोरीला पाडणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला रोज शिव्या घालत होतो, आणि तो माझ्यासारखाच निघाला.

रस्त्यानं गाड्या जात होत्या.

मग सर्जेराव उठले. बांबूची गाठ सैल झाली होती, ती त्यांनी स्वतः सोडून पुन्हा घट्ट बांधली. ओढून बघितली. ताइताचं नावसुद्धा काढलं नाही. सायकल टेम्पोत चढवली आणि तिच्यावर हात ठेवून तसेच उभे राहिले.

“उद्या शाळेला पाठवीन म्हणतो,” ते म्हणाले. “पण धीर होत नाही, बाबा. या रस्त्याला माझ्यासारखे शंभर आहेत.”

बाबा माझ्या शेजारी येऊन टेकले, लसणाचा एक गड्डा उचलून सोलायला लागले.

“शंभर सकाळी होते,” ते म्हणाले. “आता नव्याण्णव.”