चौकातल्या विमानाचं शेपूट

“विमान चौकात बसवा, पण त्याचं शेपूट आम्हाला दिसता कामा नये! चारी रस्त्यांपैकी कुठूनही येऊ, आम्हाला पाठ दाखवायची नाही! आठ दिवसांत जमलं नाही, तर वितळवून पातेली करा!” खडकमाळचे सर्जेराव महाराज गरजले.

महाराजांचं विमान म्हातारं झालं होतं. ते आता लोकांना बघायला ठेवावं, हा महाराजांना आयुष्यात सुचलेला एकमेव शहाणा विचार! पण दरबारातून उलट्या पावलांनी जाणारी माणसं बघून बघून त्यांना वाटू लागलं होतं, की पत्र्यालाही तोच नियम लागू आहे.

दिवाणजींनी अक्कल पाजळली. “तीन रस्ते बंद करू! नाहीतर सरळ शेपूटच कापू!”

हे ऐकून तुळाजीने जेवण सोडलं. वीस वर्षं त्याने ते विमान लेकरासारखं पुसलं होतं.

“बाबा, जेवा,” त्याची मुलगी मथुरा फणकारली. “असल्या डोक्यांपायी उपाशी राहायचं? मी बसवते विमान!”

आठव्या दिवशी चोपदारामागून महाराजांची स्वारी पश्चिमेच्या रस्त्याने चौकात आली. ओट्यावर विमान दिमाखात उभं होतं. आणि नेमकं समोर, शेपूट!

“ही पाठ कुणाची?” महाराज कडाडले.

“कुठली, सरकार?” मथुरा शांतपणे म्हणाली. “मला दोन दिसतायत. एक विमानाची, एक तुमच्या चोपदाराची!”

“मूर्ख मुली! चोपदार आमची वर्दी द्यायला पुढे चालतो!”

“मग विमान दुसरं काय करतंय? मागून आलात, तर ते वर्दी द्यायला पुढे. समोरून आलात, तर मुजऱ्याला हजर. बाजूने आलात, तर वाट सोडून उभं! पाचवा रस्ता असेल तर सांगा!”

तेवढ्यात घाबरलेला चोपदार महाराजांकडे तोंड करून उलटा चालू लागला आणि ओट्याला अडखळून धपकन बसला. महाराज पोट धरून हसले!

“माग, पोरी, काय हवं ते!”

“विमानाला शिडी लावा, लोकांना आत बसू द्या. राखणीला माझे बाबा ठेवा. आणि शेपटावर कबुतरं घाण करतील, ती पुसायला दिवाणजी द्या!”

“दिले!”

दुसऱ्या दिवसापासून दिवाणजी रोज सकाळी शेपूट पुसू लागले. महाराजांच्या वाड्याकडे पाठ करून!