भुंगा आणि पडलेला ऐन

डोंगरात माणसाची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रानात एक गेंडा भुंगा राहायचा. त्याच्या लांब शिंगापुढे दुसरा भुंगा टिकत नसे. कोणी कौतुक केलं की तो म्हणे, "यात माझं काय? अळी होतो तेव्हा त्या पडलेल्या ऐनाच्या झाडाचं कुजकं लाकूड पोटभर खाल्लं, त्याचं हे शिंग."

एकदा उभी झाडं त्याच ऐनाला हसत होती. "पडला तो संपला," ती म्हणाली. भुंग्याला ते सहन झालं नाही. ऐनाला परत उभं करायचंच, म्हणून त्याने ओंडक्याखाली शिंग घालून जोर लावला. ओंडका हलला नाही, नुसता भुसा सांडला.

"राहू दे, बाळा," ऐन म्हणाला. "उभा होतो तेव्हा माझ्या अंगाखांद्यावर सगळे बसायचे, पण पोटात कोणाला जागा नव्हती. जरा मला टेकून ऐक."

भुंगा टेकला. आतून कुरतडण्याचा बारीक आवाज येत होता. नव्या अळ्या जेवत होत्या.

सांडलेला भुसा भुंग्याने त्याच शिंगाने हळूहळू परत आत लोटला.