कासारणीने निवडलेला कारभारी

राजांची नावे लोक विसरून जात आणि त्यांनी घालून दिलेले नियम मात्र विसरत नसत, अशा फार जुन्या काळातली ही गोष्ट आहे.

एका राजधानीत एक कासारीण राहत असे. तिचा नवरा बांगड्यांचे ओझे घेऊन गावोगाव फिरे आणि ती इकडे दुकान सांभाळी. दुकान म्हणजे भाड्याच्या घराची पुढची खोली. घरमालकाला जास्त भाडे देणारा भेटला की तो यांना घर सोडायला सांगे. दुसऱ्यांचे बिऱ्हाड हलते तेव्हा भांड्यांना फार तर पोचे पडतात. हिचा माल काचेचा. दर वेळी पाटीभर बांगड्या फुटत आणि वर्षाची शिल्लक उकिरड्यावर जाई. जिथून कुणी उठवणार नाही असे एक घर आपले असावे, एवढेच तिला हवे होते.

त्या राज्यात घर घ्यायला खजिन्यातून कर्ज मिळे. घर खजिन्याकडे तारण राही, दर पौर्णिमेला हप्ता भरायचा, आणि सगळे हप्ते फिटले की घर मोकळे होई. पण कर्ज मिळण्याची वाट मोठी वळणाची होती. घर विकणारा खरा मालक आहे का, भिंती धड आहेत का, साक्षीला कोण राहणार, हे सगळे पार पडल्यावर करार होई. म्हणून राजाने नियम केला होता की कर्ज मागणाऱ्याने खजिन्यातला एक कारभारी निवडावा आणि त्या कारभाऱ्याने त्याला शेवटपर्यंत बरोबर न्यावे. कोणता निवडायचा, ते ज्याचे त्याने बघावे.

शेजारी एक तांबटीण राहत असे. तिचा नवरा लग्नाच्या रुखवतातली भांडी घडवी. त्या दोघांनीही याच सुमारास घर घ्यायचे ठरवले होते. बांगड्या भरायला आली असताना तिने आपल्या कारभाऱ्याचे तोंड भरून कौतुक केले आणि कासारणीनेही त्याच्याकडेच जावे, असा आग्रह धरला.

"घरचा कारभारी काही आपल्याला निवडायला मिळाला नाही," ती हसत म्हणाली. "हा तरी गोड बोलणारा घे."

कासारीण गेली. कारभारी खरोखरच भला माणूस दिसला. त्याने तिला बसायला पाट दिला, पान दिले, मुलेबाळे किती, घर कुठे बघितले ते विचारले आणि माडीचे घर बघितले आहे म्हटल्यावर तिच्या निवडीची तारीफ केली. मग तो कराराचा मसुदा वाचून दाखवू लागला. त्याचा आवाज स्वच्छ होता. कर्ज किती, हप्ता किती, मुदत किती, सगळे तिला समजत गेले. पुढे एका ओळीपाशी त्याचा आवाज किंचित उतरला आणि वाचता वाचताच त्याने विचारले, "मुलीचं कुठे जमलं का?"

मुलीचा विषय निघाल्यावर कोणती आई गप्प बसेल? कासारीण सांगू लागली. स्थळ चांगले आहे, मुलगा शिकलेला आहे, असे सांगता सांगता ती एकदम थांबली.

हे तर तिचेच काम होते. बांगडी भरताना ती अंगठ्याच्या बुंध्याशी अडते. तिथे हात दुखतो आणि बाई हात मागे घेते. म्हणून नेमक्या त्या क्षणी कासारीण तिला विचारी, "माहेरी कधी जाणार?" बाई माहेरच्या गोष्टीत रमे, तेवढ्यात बांगडी आत जाई. असे तिने हजार हातांना फसवले होते आणि त्यात काही पाप नव्हते, कारण पुढे बांगडी हातात शोभून दिसे. पण करार काही बांगडी नव्हे.

"आता जी ओळ गेली, ती काय होती?" तिने विचारले.

"ती लिहिण्याची रीत आहे, ताई. सगळ्यांच्याच करारात असते. मी आहे ना, तुम्ही कशाला काळजी करता?"

तो माणूस लबाड नव्हता. समोरच्याचे तोंड उतरलेले त्याला बघवत नसे, एवढेच. कासारणीने नमस्कार केला, विचार करून सांगते म्हणाली आणि उठली.

मग ती दुसऱ्या कारभाऱ्याकडे गेली. हा कोरडा माणूस होता. पान नाही, तारीफ नाही. त्याने नवऱ्याची कमाई विचारली, उधारी किती ते विचारले. आषाढात लग्ने नसतात, पितृपंधरवड्यात कुणी बांगड्या भरत नाही, मग त्या दिवसांत घर कशावर चालते, तेही विचारले.

"कर्ज देताय की उलटतपासणी घेताय?" कासारीण वैतागून म्हणाली.

"दोन्ही," तो म्हणाला आणि पुढचा प्रश्न विचारला.

सगळे ऐकून त्याने सांगितले की माडीचे घर तिला झेपणार नाही, बिनमाडीचे बघावे. कासारणीला ते मुळीच आवडले नाही. तरी तिने मसुदा वाचायला सांगितला. तो वाचू लागला आणि त्या ओळीपाशी आल्यावर थांबला.

"बाई, इथे दुखणार आहे. लक्ष देऊन ऐका. लागोपाठ दोन पौर्णिमा हप्ता चुकला, तर घर खजिन्याचं. अडचण आली आणि चुकण्याआधी येऊन सांगितलंत, तर खजिना थांबतो. चुकल्यावर सांगितलंत, तर थांबत नाही. आता मी काय वाचलं, ते तुम्ही मला सांगा."

तिने सांगितले. ते चुकले. त्याने पुन्हा वाचले. ती पुन्हा चुकली, तेव्हा त्याने न रागावता पुन्हा वाचले. तिच्या तोंडून सगळे बरोबर आल्यावरच त्याने शाईची डबी पुढे केली. कासारणीने अंगठा उठवला आणि बिनमाडीचे घर घेतले.

तांबटणीने माडीचे घेतले. कासारणीने तिला त्या ओळीबद्दल सांगून पाहिले, पण तांबटीण म्हणाली, "तुला मेलीला गोड माणूस पचतच नाही."

काही वर्षे बरी गेली. मग राणी वारली आणि राजाने वर्षभराचा दुखवटा पाळायला सांगितले. राज्यात लग्न नाही, मग रुखवत कुठले आणि हिरवा चुडा कुठला? कासाराचे ओझे जसेच्या तसे घरी परत आले. तांबटाचा हातोडा थंडावला.

पौर्णिमा यायच्या आत कासारीण खजिन्यात गेली. कोरड्या कारभाऱ्याने तिला खजिनदारापुढे उभे केले, दुखवटा संपेपर्यंत हप्ते थांबवून घेतले आणि तेवढ्या दिवसांचे व्याज वाढेल, हेही तिथेच सांगितले. ते ऐकून तिचे तोंड उतरले. ते बघूनही त्याने व्याजाचा आकडा दोनदा सांगितला.

तांबटीण घरीच थांबली. दुखवटा काय आज ना उद्या संपेल आणि आपला कारभारी काहीतरी करील, असे तिला वाटत होते. दुसरी पौर्णिमा टळल्यावर ती त्याच्याकडे गेली, तेव्हा करण्यासारखे काही उरले नव्हते. जी ओळ कासारणीच्या करारात होती, तीच शब्दन् शब्द तिच्याही करारात होती.

दुसरे घर मिळेपर्यंत तांबटाचे बिऱ्हाड कासारणीच्या ओसरीवर आले. हंडे-कळशा भिंतीला लावून झाल्यावर तांबटीण पायरीवर बसली.

"त्याने आजसुद्धा पाट दिला," ती म्हणाली. "आईची तब्येत विचारली. त्याच्यावर मला धड रागावताही येत नाही गं."

कासारीण उठून आत गेली. तिने त्यांच्यासाठी चूल मोकळी करून दिली.

म्हणून जाणते लोक सांगतात: अवघड ओळीपाशी जो आपल्याला थांबवतो, त्यालाच आपला वाटाड्या करावे.